मधाची बाटली आणि मेणाची वात : शेतकरी बाजारात नाव राखून विक्री कशी करावी



उसाचा शेतकरी वर्ष-दीड वर्ष पीक सांभाळतो आणि मग तोडीची वाट पाहतो. ऊस गेला की बिल, आणि तेही हप्त्याहप्त्याने. मधल्या काळात घरात चार पैसे रोख यावेत म्हणून कोणी दोन म्हशी बांधतो, कोणी पाटाच्या कडेला भाजी करतो. हल्ली या जोडधंद्यांच्या यादीत मधपेट्यांचेही नाव येते. पण त्यावर शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. "पेट्या ठेवू हो, पण मध विकायचा कुठं? अन् गिऱ्हाईक खरा म्हणून घेईल का?"

प्रश्न रास्त आहे. पेटी कशी उघडावी, राणीमाशी कशी ओळखावी हे प्रशिक्षणात शिकता येते. पुण्याला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी. विक्रीचे मात्र कोणी फारसे सांगत नाही. म्हणून या लेखात आम्ही मध आणि मेण बाजारात नेण्याचाच विचार करणार आहोत.

माशी कोणती, मध कुठला

आपल्याकडे चार-पाच प्रकारच्या माश्या दिसतात. कड्यावर, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली मोठे मोहोळ लावते ती आग्या. ही पेटीत राहत नाही. झुडपात एकच लहान पोळे करते ती फुलोरी, तीही पेटीची नव्हे. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते ती सातेरी, ही पेटीत नांदते. युरोपातून आणलेली मेलिफेरा १९६० नंतर पंजाब-हिमाचलकडे रुजली आणि तिथून देशभर पसरली. शिवाय डंख नसलेली, अगदी चिमुकली पोया आहे, तिचा मध फारच थोडा.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यातील आदिवासी बांधव आग्याचा मध पिढ्यानपिढ्या काढत आले आहेत. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजात मध आणि मेण ही दोन्ही नावे स्पष्ट घातली आहेत. तेव्हा तो मध त्यांच्या हक्काचा आहे. आपण तो विकत घेऊन आपल्या पेटीचा म्हणून विकू नये. जंगलचा मध जंगलचा म्हणूनच सांगावा आणि काढणाऱ्याला योग्य दाम द्यावा.

उत्पन्नाचा अंदाज आधीच बांधलेला बरा. सातेरीची पेटी वर्षाला साधारण सहा ते आठ किलो मध देते. मेलिफेराची पेटी फुलोऱ्यामागे हलवत नेली तर पंचवीस किलो किंवा त्याहून अधिक देते. एका जागी ठेवून विसरलात तर तेवढा मध मिळत नाही.

ऊसवाल्याने घ्यायची खास काळजी

ऊस मधमाशीला मध देत नाही. उसाच्या तुऱ्यात मकरंद नसतो, त्याचे परागीभवन वारा करतो. म्हणून शिवारात शंभर एकर ऊस असला तरी पेटी उपाशी राहू शकते. माशीला लागतात बांधावरची झाडे : जांभूळ, करंज, कडुनिंब, शेवगा, बोर, बाभूळ. शिवाय सूर्यफूल, मोहरी, कोथिंबिरीचे बी, आणि आपल्या जिल्ह्याचे खास पीक म्हणजे कांद्याचे डोंगळे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होते. म्हणून एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर नेणारा कीटक लागतोच. निफाड, चांदवड, येवला, सटाणा भागातील कांदा बीजोत्पादक शेतकऱ्याला आपल्या पेट्या हव्या असतात. काही जण त्यासाठी भाडेही देतात. द्राक्षाचे तसे नाही. द्राक्षाला माशीची गरज जवळजवळ नसते आणि बागेत फवारणी मात्र सारखी चालते. बागेला लागून पेटी ठेवू नये. ठेवावीच लागली तर शेजाऱ्याशी बोलून फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, करण्याचे ठरवून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. गाळप हंगामात कारखान्याच्या आवारात, मळीजवळ, गुऱ्हाळावर आणि रसवंतीवर माश्यांची झुंबड आपण सर्वांनी पाहिली आहे. माशी आळशी नाही, पण हुशार आहे. फुलोफुली हिंडण्यापेक्षा तयार गोड रस मिळाला तर ती तोच उचलते. तो रस पोळ्यात भरला की मालकाच्या मनात काही नसतानाही मधात उसाची साखर येते. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटरपर्यंत सहज जाते, सातेरीचा फेरा त्याहून लहान असतो. म्हणून हंगामात पेट्या कारखाना आणि गुऱ्हाळापासून दूर न्याव्यात.

दुसरी गोष्ट घरातलीच आहे. पावसाळ्यात फुले नसतात तेव्हा माशीला जगवायला साखरेचा पाक द्यावा लागतो. त्यात गैर काही नाही, सगळेच देतात. पण फुलोरा सुरू झाला की पाक बंद, आणि मधकोठी चढवायची ती त्यानंतरच. "घरात सभासदाची साखर पडून आहे, थोडी जास्त घातली तर काय बिघडलं?" असे कोणाच्या मनात येऊ शकते. बिघडते ते असे.

ऊस हवेतला कार्बन बहुतेक झाडांपेक्षा निराळ्या रीतीने बांधतो. ही रीत प्रथम उसातच लक्षात आली. हवाई बेटांवरील ऊस उत्पादकांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९६५ मध्ये ती मांडली आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी ती उलगडून दाखवली. या रीतीमुळे उसाच्या आणि मक्याच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण फुलांच्या मकरंदापेक्षा किंचित जास्त असते. माशीने ती साखर कितीही पचवली तरी कार्बन बदलत नाही. प्रयोगशाळेत मधाचा कार्बन मोजला की उसाची साखर किती हे कळते. आपल्या देशाच्या मानकात त्याला सात टक्क्यांची मर्यादा आहे. थोडक्यात, उसाने आपली खूण साखरेवर मारूनच ठेवली आहे.

लबाडांनी यावरही वाट काढली, ते तांदळापासून केलेला पाक घालू लागले, कारण तांदूळ उसाच्या रीतीचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तेरा नाममुद्रांचा मध तपासल्याचे जाहीर केले. अधिक कसोशीच्या चुंबकीय तपासणीत त्यातले तीनच टिकले. तेव्हापासून शहरातले गिऱ्हाईक मधाच्या बाटलीकडे संशयाने पाहते. हा संशय आपल्याला अडचणही आहे आणि संधीही. ज्याचा मध खरा आणि ज्याचे घर गिऱ्हाईकाला ठाऊक, त्याला मोठ्या जाहिरातीची गरज नाही.

काढणे आणि भरणे

मध पिकलेला असावा. माशी पिकलेल्या मधाच्या घरांवर मेणाचे झाकण घालते. चौकटीची निदान तीन चतुर्थांश घरे झाकलेली असतील तेव्हाच ती काढावी. घाईने काढलेल्या मधात पाणी जास्त असते, तो फसफसतो, आंबूस होतो. मानकाप्रमाणे मधात पाणी वीस टक्क्यांहून अधिक नसावे. हे मोजायचे छोटे उपकरण गावातील चार जणांत मिळून एक घेतले तरी पुरते. मध हवेतला ओलावा ओढतो, म्हणून पावसाळी हवेत भांडी उघडी ठेवू नयेत.

पोळे पिळू नये. यंत्रात चौकट फिरवून मध काढावा, म्हणजे पोळे शाबूत राहते आणि माशीचे श्रम वाचतात. पिळलेल्या पोळ्यात अळ्या आणि पराग येऊन मध लवकर बिघडतो. काढलेला मध कपड्यातून गाळून एक-दोन दिवस टाकीत स्थिर ठेवावा, फेस आणि मेणाचे कण वर येतात, ते काढून टाकावेत.

भरायला स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. दारूच्या जुन्या बाटल्यांत मध भरून विकण्याची रीत आता सोडून द्यावी. घेणारा बाटली पाहूनच माल जोखतो. विक्री मापाने नव्हे, वजनाने करावी. मध पाण्यापेक्षा जड असतो, एक लिटरच्या बाटलीत सुमारे एक किलो चारशे ग्रॅम मावतो. लिटर आणि किलो एकच समजून विकणारा दर बाटलीमागे चारशे ग्रॅम फुकट देतो.

बाटलीबंद मध विकायचा तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी करावी. लहान विक्रेत्यासाठी ती सोपी आहे. चिठ्ठीवर मधाचे नाव, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, खेपेचा क्रमांक, किंमत, आपले नाव-पत्ता आणि चौदा अंकी नोंदणी क्रमांक असावा. आणखी एक ओळ आवर्जून छापावी : एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये. बाळाच्या आतड्यात मधातील विशिष्ट जंतूचे बीज रुजून विषबाधा होऊ शकते. घरात आजीबाई बाळाला मध चाटवतात, त्यांनाही हे समजावून सांगावे.

"मध गोठला, म्हणजे साखर घातली!"

बाजारात ही तक्रार दर थंडीत ऐकावी लागेल, म्हणून उत्तर तयार असावे. मधात मुख्यतः दोन साखरा असतात, फळसाखर आणि द्राक्षसाखर. त्यातली द्राक्षसाखर पाण्यात कमी विरघळते. थंडी पडली की ती दाण्याच्या रूपाने वेगळी होते. कारखान्याच्या पॅनमध्ये रस दाट झाला की दाणा धरतो, तसेच हे. मोहरी आणि सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो, काही झाडांचा महिनोन्महिने पातळ राहतो. गोठणे हा भेसळीचा पुरावा नव्हे, आणि पातळ राहणे हा शुद्धतेचाही नव्हे. गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा सुटतो. विस्तवावर मात्र चढवू नये, उकळलेल्या मधाचा वास आणि गुण जातो आणि तपासणीत तो दोषी ठरतो.

पाण्यात थेंब टाकणे, कापसाची वात मधात बुडवून पेटवणे, कुत्र्यापुढे ठेवणे या घरगुती परीक्षांना फारसा अर्थ नाही. दाट पाकही पाण्यात तळाशी बसतो. गिऱ्हाईकाने अशी परीक्षा करून दाखवा म्हटले तर वाद घालू नये. "ताई, हा जांभळाचा आहे, फेब्रुवारी-मार्चचा. रंग काळपट अन् चव जराशी कडवट लागेल. चाखून बघा, पटला तर घ्या" असे सांगावे. मोहर बदलला की रंग आणि चव बदलणारच. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिच्या मधात साधी साखर मुळातच जास्त असू शकते. इतर मधाला पाच टक्क्यांची मर्यादा असताना देशाच्या मानकात कारवीला दहा टक्क्यांपर्यंत सवलत दिलेली आहे. प्रत्येक मोहराचा मध वेगळा भरला तर हा फरकच आपले भांडवल होतो. सगळे एकत्र ओतले तर सगळे सारखेच.

मध मधुमेह बरा करतो, चरबी झडवतो, असे फलक लावू नयेत. रोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. आणि मधुमेह्याला मधही साखरेसारखाच जपून खावा लागतो. कोणाचे दुखणे वाढवून आपला माल खपवायचा नाही.

मेण : टाकाऊ नव्हे

कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण पाझरते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना कित्येक किलो मध खावा लागतो, सहा ते आठ किलोचा अंदाज सांगितला जातो. असा माल आपण उकिरड्यावर टाकतो. चौकटीवरची कापलेली झाकणे आणि तुटकी पोळी दर खेपेला साठवावीत. साठवताना गोळे वितळवून ठेवावेत. पोळी तशीच ठेवली तर मेणपतंगाची अळी ती खाऊन जाळे करते.

झाकणे आधी पाण्यात धुवावीत. मग कापडाच्या पिशवीत बांधून गरम पाण्यात ठेवावीत. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा पाणी उकळू देण्याचे कारण नाही. मेण वर तरंगते, थंड झाले की वडी निघते. खालची घाण सुरीने खरवडावी आणि हेच पुन्हा एकदा करावे. भांडे स्टीलचे घ्यावे, लोखंडात मेण काळवंडते आणि तांब्यात हिरवट होते. मेणाचे भांडे कधीही थेट जाळावर ठेवू नये, मोठ्या भांड्यातील पाण्यात ठेवूनच वितळवावे. मेण पेट घेते आणि त्यावर पाणी ओतले तर भडका उडतो. हे काम मुलांवर सोपवू नये.

आपल्या भाषेत मेणबत्ती हा शब्द आहे, पण आज दुकानात मिळते ती बहुतेक खनिज तेलापासून केलेल्या पॅराफिनची असते. मूळचे मेण माशीचेच. कुंकू टिकावे म्हणून आपल्या आया-आज्या कपाळाला आधी मेण लावत. मूर्ती ओतण्याआधी तिचा साचा मेणाचा करीत, बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात ती रीत वर्णिली आहे. चांभार दोऱ्याला मेण लावतो. म्हणजे मेणाला गिऱ्हाईक नवे नाही, आपण विसरलो एवढेच.

वात कशी करावी

सुरुवातीला सर्वांत सोपी ती गुंडाळलेली मेणबत्ती. पेटीत लावायच्या मेणपत्र्याची पट्टी घ्यावी, उन्हात जरा मऊ करावी, कडेला सुती वात ठेवून घट्ट गुंडाळावी. वितळवणे नाही, साचा नाही.

ओतीव मेणबत्तीला वातीची जाडी महत्त्वाची. माशीचे मेण पॅराफिनपेक्षा दाट, त्याला वात थोडी जाड लागते. बारीक वातीने मध्येच खड्डा पडून ज्योत बुडते, फार जाड वातीने धूर होतो. दोन-तीन जाडीच्या वाती करून घरी पूर्ण जाळून पाहाव्यात, किती तास जळली ते लिहून ठेवावे. बाजारात तोच आकडा सांगता येतो. ओतल्यावर सावकाश थंड होऊ द्यावी, नाहीतर तडा जातो. काही महिन्यांनी वर पांढरट धूळ दिसते, ती बुरशी नव्हे, मेणाचाच फुलोरा आहे. मऊ कापडाने पुसला की जातो.

पॅराफिन मिसळले तर तसे लिहावे. शुद्ध मेणाची म्हणून मिसळीची मेणबत्ती विकणे हे मधात साखर घालण्यासारखेच आहे.

हिशेब

समजा, मेलिफेराच्या दहा पेट्यांतून वर्षाला अडीचशे किलो मध निघाला. शंभर किलो मधामागे मेण एक-दोन किलोच पडते, म्हणजे वर्षाचे अडीच ते पाच किलो. पन्नास ग्रॅमची एक वात धरली तर चार किलोच्या फार तर ऐंशी वाती. यावर वेगळा धंदा उभा राहत नाही. पण मधाच्या बाटल्यांशेजारी पिवळ्या, सुवासिक वाती मांडल्या की जाणारा माणूस थांबतो, आणि थांबला की मध चाखतो. वातीचे काम तेच. त्या दिवाळीला आणाव्यात, तसेच फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाल येशूच्या यात्रेला भाविक मोठ्या संख्येने येतात आणि मेणबत्त्या लावतात, ते दिवस ध्यानात ठेवावेत. पॅराफिनच्या दराशी बरोबरी करू नये, ती जमणार नाही.

अडीचशे किलो मध बावन्न आठवड्यांत वाटला तर आठवड्याला पाच किलोही होत नाही, अर्धा किलोच्या नऊ-दहा बाटल्या. सातेरीच्या दहा पेट्या असतील तर आठवड्याला दोन-तीन बाटल्याच. केवळ त्यासाठी गाळा घेऊन दिवस घालवणे परवडत नाही. मध भाजीच्या, गुळाच्या, डाळिंबाच्या शेजारी मांडावा. राज्य कृषी पणन मंडळाने २०१६ मध्ये संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांचे अभियान सुरू केले, त्यात शेतकऱ्याचा माल थेट घरगुती गिऱ्हाईकापर्यंत जातो. नाशिकला गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार तर जुनाच. खर्चात पेट्या, चौकटी, वाहतूक, पावसाळ्यातील साखर, बाटल्या, चिठ्ठ्या आणि आपली मजुरी हे सर्व धरावे. मजुरी न धरता काढलेला नफा हा नफा नव्हे.

एकट्याने नको

मधयंत्र, पाणी मोजायचे उपकरण, बाटल्या, नोंदणी आणि बाजारातला गाळा यांचा खर्च एका घराला जड जातो, पाच घरांना नाही. महाबळेश्वरला मधपाळांनी सहकारी सोसायटी काढली आणि मधुसागर या नावाने मध विकला. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. डोंगरातील लहान शेतकऱ्यांना जे साधले ते सहकारात वाढलेल्या आपल्याला का साधू नये? मात्र सहकारात एक अट असते. पाच जणांच्या टाकीत एकाने पाक ओतला तर पाचही जणांची बाटली खोटी ठरते. म्हणून प्रत्येकाची खेप वेगळी भरावी, खेपेचा क्रमांक लिहावा आणि नमुन्याची एक बाटली जपून ठेवावी. चूक कोणाची हे कळायला वाट राहते आणि चांगल्याचे नाव जात नाही.

आपण साखर पिकवणारे लोक आहोत आणि साखरेत कमीपणा काही नाही. पंचामृतात दूध, दही, तुपाबरोबर मधही असतो आणि साखरही असते. पण दोन्ही वेगळ्या वाटीतून, आपापल्या नावाने येतात. बाजारातही आपण तेवढे पाळले तर गिऱ्हाईक एकदा घेऊन थांबणार नाही, दुसऱ्या खेपेला रिकामी बाटली घेऊन आपलीच पाटी शोधत येईल.